एप्रिलमध्ये जंगल काय करतं

गडचिरोलीहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, वाघ दिसला का. नाही दिसला. बकऱ्या मात्र पुष्कळ दिसल्या आणि त्यांच्याशी माझे संबंध शेवटपर्यंत ताणलेलेच राहिले. ती हकीकत पुढे येईल. आधी मी तिकडे कशाला तडमडलो ते सांगतो, कारण पुण्याचा माणूस भर एप्रिलमध्ये आपणहून विदर्भात जाऊन आला म्हटलं की लोक हळूच त्याच्या तब्येतीची चौकशी करतात.

माझा धंदा मॉडेलचा. जंगल दिवसभरात हवेतून किती कार्बन आत घेतं, किती परत सोडतं, पानांवाटे किती पाणी वर पाठवतं, याची गणितं संगणकावर मांडायची. हे काम जंगलाचं तोंड न पाहता करता येतं आणि मी ते कित्येक वर्षं एसी खोलीत बसून सुखाने करत आलो आहे. आमच्या संस्थेचा कुरखेड्याच्या पुढे जंगलात एक मनोरा आहे. झाडांच्या शेंड्यांवर डोकं काढून उभा असतो. वर वारा आणि वाफ मोजणारी यंत्रं. खाली, कुंपणाच्या आत, मातीत रोवलेल्या रुंद कड्या आणि प्रत्येक कडीवर ठरल्या वेळी आपोआप बसणारं झाकण. झाकण बसलं की मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो, यंत्र तो मोजतं आणि झाकण पुन्हा उघडतं. सगळे आकडे मोडेमवरून पुण्याला येतात. थोडक्यात, जंगलच आमच्याकडे येतं, आम्हाला जावं लागत नाही.

त्या मातीवर प्रांजली नावाची मुलगी पीएचडी करते. नागभीडची, हुशार आणि बोलायला फटकळ. तिला तीन वर्षं लागोपाठ असं दिसलं की एप्रिलमध्ये, पावसाचा पत्ता नसताना, ठणठणीत कोरडी माती एकाएकी कार्बन सोडायला लागते आणि त्याच सुमाराला वर मनोऱ्यावर वाफही वाढते. त्यावरून तिने मांडलं की इथली माती पावसाच्या आधीच जागी होते. कल्पना देखणी होती. तिच्या प्रबंधाचं मुख्य प्रकरण याच कल्पनेवर उभं होतं. माझ्या मॉडेलमध्ये मात्र हे जंगल मार्च ते जून ढाराढूर झोपलेलं असतं. पानं नाहीत, पाणी नाही, व्यवहार बंद. दोघांपैकी एक जण चुकत होता आणि तो मी नाही, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. जूनमध्ये तिची शिष्यवृत्ती संपणार, म्हणजे हा तिचा शेवटचा एप्रिल. तिच्या प्रबंध समितीने, जिच्यात मीही आहे, मला सांगितलं, तुम्ही बघा आणि ते प्रकरण ठेवायचं की कापायचं ते ठरवा.

बघायला जावं असं मनात आलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. मनोरा उभा राहिल्यापासून एप्रिलमध्ये तिथे आमच्यापैकी कोणी गेलेलंच नव्हतं. नियमच तसा आहे. ऊन आणि वाघ या दोन कारणांनी एप्रिल-मे या महिन्यांत जंगलात पाऊल टाकायला संस्थेची बंदी. म्हणजे ज्या महिन्यावरून आमचं भांडण चाललं होतं तो दोघांनीही फक्त पडद्यावर पाहिला होता. मी रजा टाकली आणि खासगी सहलीला जातो म्हणून सांगितलं. प्रांजलीही सुट्टीत घरी जायला निघालेलीच होती.

नागभीड

नागपूरहून एसटीने नागभीडला उतरलो तेव्हा दुपार होती आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुपारी दुकान बंद ठेवण्याचा शोध पुण्याने लावला, असा माझा समज होता. इथे अख्खं गाव बंद असतं आणि तशी पाटी लावायची कोणाला गरजही वाटत नाही.

प्रांजलीचे वडील धानाचे शेतकरी, बोलायला मोजके. जेवायला उकड्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची तिखटजाळ भाजी आणि वर कच्च्या आंब्याचं पन्हं होतं. वाढण्याची तऱ्हा अशी की ताटावर हात आडवा धरला तर बोटांमधल्या फटीतून भात पडतो. मी तिसऱ्यांदा नको म्हणत असताना त्यांनी समोर बसून शांतपणे विचारलं, "पोरीनं लिहिलेलं कापासाठी आलात काय जी तुमी?"

प्रांजली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिने मला वाचवायचा काडीचाही प्रयत्न केला नाही. मी म्हटलं, अजून ठरलं नाही, आधी बघायचं आहे. त्यांनी मान हलवली आणि आणखी भात वाढला. त्यानंतर मी मुकाट्याने सगळं संपवलं.

वैनगंगेपलीकडे

ब्रह्मपुरीच्या पुढे वैनगंगा ओलांडली की वडसा. नदी त्या दिवसांत बहुतेक वाळूचीच होती, मधून पाण्याची एक बारीकशी धार. पूल ओलांडताना प्रांजलीची भाषा बदलली. पुण्यात ती आमच्यासारखीच बोलते. इथे कंडक्टरला तिने "काऊन भाऊ, गाडी इथीच थांबून राह्यली का?" असं खणखणीत विचारलं आणि मी शेजारी बसून एकदम परदेशी झालो.

कुरखेड्याला दिवाकर मोटरसायकल घेऊन आला होता. मनोऱ्याची राखण करणारा, तिथल्याच गोंडाच्या गावातला, पस्तिशीचा माणूस. एका गाडीवर तिघं, शिवाय माझी चाकांची बॅग. ती बॅग त्याने टाकीवर आडवी ठेवली आणि तिच्यावर छाती टेकून गाडी चालवली. चाकं वर होती आणि वाऱ्याने गरगर फिरत होती.

सुरुवातीला सागाचं जंगल लागलं. एकाही झाडावर पान नाही, खाली वाळक्या पानांचा खच. मला मनापासून आनंद झाला. हेच ते माझं मॉडेल, उभंच्या उभं. मी मागे वळून प्रांजलीला तसं म्हणालोसुद्धा. साग मागे पडला आणि मिश्र जंगल सुरू झालं तेव्हा एक झाड नखशिखान्त लालभडक दिसलं. फुलं छान आहेत म्हटलं. दिवाकर गाडी हळू करून म्हणाला, तो कुसुम आहे सर, ती फुलं नाहीत, कोवळी पानं आहेत. मी म्हटलं, एखादं झाड असायचंच. पुढे दुसरं आलं, मग मोहाची तांबूस पालवी, मग पोपटी करंज. त्यानंतर मी झाडांविषयी मत द्यायचं बंद केलं आणि बॅगेच्या चाकांकडे बघत राहिलो.

कुंपणाच्या आत

मनोऱ्यापाशी पोचलो आणि प्रांजली गाडीवरून उतरली ती जागच्या जागी थांबली.

कुंपणाच्या आतली सगळी जमीन शेणाने सारवल्यासारखी स्वच्छ झाडलेली होती आणि तिच्यावर मोहफुलं वाळत घातली होती. काही ताजी, पिवळट, टपोरी. काही वाळून तपकिरी पडलेली. हवेला गोड, किंचित आंबूस वास. आणि आमच्या कड्या, ज्या परदेशातून मागवल्या होत्या आणि ज्या बसवताना एका साहेबांनी मातीला धक्का लागू नये म्हणून बूट काढले होते, त्या प्रत्येक कडीत ओंजळ ओंजळ ताजी फुलं भरलेली होती. आमच्या डोळ्यांदेखत एक झाकण सावकाश खाली आलं, फुलांवर बसलं आणि विज्ञानाची सेवा करू लागलं.

मोहाच्या सावलीत एक बाई टोपली घेऊन बसल्या होत्या. दिवाकरची आई, रैनाबाई. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि कसा काय प्रवास झाला ते विचारलं. प्रांजलीने त्यांना विचारलं, बाई, फुलं इथे कधीपासून वाळवता.

"पयल्यापासून," त्या म्हणाल्या. "झाड आमचं होय. मनोरा आला तवा गावसभेत तुमच्या साहेबानं हो म्हनलं, झाडाखालची जागा तुमचीच राहीन. अन् तारेच्या आत ढोर येत नाई, बकरी येत नाई. या कड्या तर लय बेस आहेत. फूल घरंगळत नाई, अन् झाकन आपोआपच बसते, मंग खारी बी येत नाई."

तिथल्या गावांत जंगल सगळ्यांचं असतं, पण मोहाची झाडं घराघरांत वाटलेली असतात. कोणाचं झाड कोणतं हे सगळ्यांना माहीत असतं आणि दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाही. कुंपणाच्या आतलं हे झाड रैनाबाईंच्या सासऱ्यांपासून त्यांच्या घरचं. आमच्या साहेबांनी गावसभेत मान हलवली होती, टाळ्या घेतल्या होत्या आणि पुण्याला पोचेपर्यंत ते सगळं विसरले होते. दिवाकरला संस्थेने सांगितलं होतं, दर महिन्याला सौर पॅनेल पुसून त्याचा फोटो पाठव. तो पाठवत होता. पॅनेल नेहमीच चकचकीत असायचं. पॅनेलखालच्या जमिनीचा फोटो कोणी मागितलाच नव्हता.

मोहाचं ताजं फूल साखरेने भरलेलं असतं. झाडावरून गळलं तरी ते श्वास घेत राहतं आणि उन्हात पडलं की आंबायला लागतं. म्हणजे कार्बन सोडतं. तिन्ही वर्षं एप्रिलमध्ये आमची यंत्रं अत्यंत अचूकपणे रैनाबाईंची फुलं मोजत होती.

मला हसू आलं आणि ते मी आवरलं नाही. मी जिंकलो होतो. मग प्रांजलीकडे पाहिलं. ती उकिडवी बसून एका कडीतली फुलं एकेक करून बाहेर काढत होती. फार सांभाळून, एकही चुरगळू नये अशी. डोळ्यांत पाणी होतं. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

बकऱ्या

तरी ती लगेच हार मानणारी नव्हती. कार्बन फुलांचाच असेल, पण पुराव्याशिवाय मी मानणार नाही, असं तिने मला सुनावलं. पुढचे तीन दिवस फुलं कुंपणाबाहेर ठेवायची आणि कड्या रिकाम्या ठेवायच्या. मातीने तरीही कार्बन सोडला तर तिचं प्रकरण तगेल. रैनाबाईंना तिने हे सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच अट घातली.

"बाहेर टाकतो. पन बकऱ्या तुमी हाकला."

म्हणून वातावरणशास्त्रातला एक बऱ्यापैकी नाव असलेला माणूस दिवसभर हातात काठी घेऊन मोहफुलांच्या राखणीला बसला. सकाळी सगळं गाव फुलं वेचायला झाडाझाडांखाली पांगलेलं असे. जंगलात माणसं माणसांना हाका मारत असायची. गंमत म्हणून नव्हे, वाघाला माणसं आहेत हे कळावं म्हणून. संस्थेने ज्या महिन्यात आम्हाला जंगल बंद केलं होतं तोच इथल्या माणसांचा सगळ्यात गर्दीचा महिना होता. उन्हं चढली की वेचलेलं पसरायचं, संध्याकाळी गोळा करून टोपल्यांतून घरी न्यायचं.

बकरी हा प्राणी मी आजवर बिर्याणीपलीकडे विचारात घेतला नव्हता. ती समोरून येत नाही. एक जण समोर उभी राहून माझं लक्ष वेधून घ्यायची आणि दोघी मागून फुलं खायच्या. मी काठी उगारली की तिघी मिळून माझ्याकडे अशा बघायच्या की मीच बिनबोलावलेला पाहुणा. एकदा धावताना पाय घसरून मी फुलांच्या पसाऱ्यातच आडवा झालो. रैनाबाई हसून हसून बेजार झाल्या आणि मग त्यांनी माझ्या शर्टाला चिकटलेली फुलं वेचून परत टोपलीत टाकली. दुपारी त्यांनी भाजलेल्या मोहफुलांचे, तीळ घालून कुटलेले लाडू दिले. चव बेदाण्याच्या जवळची, पण जास्त धुरकट. पुण्यात हे ग्रॅनोला म्हणून खपलं असतं. मी बकरीच्या बाजूने विचार करायला लागलो आणि दोन लाडू जास्त खाल्ले.

प्रांजली लॅपटॉप घेऊन मनोऱ्याच्या सावलीत बसलेली असायची. पहिल्या दिवशी कार्बनची रेष खाली आली. दुसऱ्या दिवशी आणखी खाली. तिसऱ्या दिवशी ती जमिनीवर आडवी पडली आणि उठली नाही. माती झोपलेलीच होती.

प्रकरण

तिने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. जी मुलगी कंडक्टरलाही सोडत नाही ती गप्प बसली, हे मला बघवेना. तीन वर्षांची मेहनत होती, आणि आता वेळही नव्हता. मी तिला म्हणालो की प्रकरण अगदीच टाकून देऊ नकोस. आकडे राहू देत. कारण पुरेसं स्पष्ट झालेलं नाही, असं एक वाक्य घाल. प्रबंधात सगळे असंच लिहितात आणि समितीत सगळे तसंच पास करतात. हे मी, तिचं प्रकरण कापायला आलेला माणूस, बोलत होतो.

तिने रैनाबाईंकडे पाहिलं. त्या मोहाखाली टोपली विणत बसल्या होत्या. "कारण इथी समोर बसून राह्यलं सर," ती म्हणाली. "त्यायच्या हातचे लाडू खाऊन मी कारण माहीत नाई असं कसं लिहू?"

मग तिने डोळे पुसले आणि दुसरी रेष उघडली. वाफेची. मनोऱ्याच्या टोकावरची यंत्रं खालच्या चार कड्यांचं नाही, भोवतालच्या सगळ्या जंगलाचं ऐकतात. फुलं कुंपणाबाहेर गेली तरी त्या रेषेत तसूभरही फरक पडला नव्हता. रोज सकाळी चढत होती, दुपारी टोकाला जात होती आणि सूर्याबरोबर उतरत होती. म्हणजे पाणी खरंच वर जात होतं. माझ्या मॉडेलप्रमाणे जूनपर्यंत जे पाणी हलायलाच नको होतं, ते.

ती म्हणाली, वर चढून बघा.

मला उंचीची भीती वाटते हे मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. दिवाकरने कमरेला पट्टा बांधला आणि मागून चढत राहिला. अर्ध्यावर मी डोळे मिटले. तो म्हणाला, सर, डोळे मिटून चढलात तर वर जाऊन काय पाहाल. एवढं सांगून तो वाट बघत थांबला. टोकाला पोचल्यावर मी दोन्ही हातांनी नळीला मिठी मारली आणि डोळे उघडले.

सागाचे उघडे, करडे पट्टे होते. मी खोटं नाही सांगणार, ते होते. पण त्यांच्यामध्ये, भोवती, डोंगरापर्यंत, जंगल पालवीने भरून गेलं होतं. लाल, तांबूस, पोपटी. खाली मातीत एक थेंब नाही, वर आग ओकणारं ऊन, आणि ही झाडं खोल कुठून तरी पाणी ओढून नवी पानं काढत होती. पाऊस यायच्या आधी. मला ते फार सुंदर वाटलं, आणि माझ्या नावावरचे अर्धेअधिक लेख या जंगलात एप्रिलला पान नसतं या एका गृहीतावर उभे आहेत. ते गृहीत मी कुठून घेतलं, हे आठवायचा प्रयत्न केला. सागाच्या पुस्तकातून. पैसा सागाच्या लाकडात, म्हणून पुस्तकं सागाची.

खाली उतरल्यावर रैनाबाईंनी विचारलं, काय दिसलं भाऊ. मी म्हटलं, जंगल. त्यांना ते पटलं असावं. त्या पुन्हा टोपलीकडे वळल्या.

वडसा स्टेशन

परतीच्या गाडीला उशीर होता. प्रांजली सोडायला आली होती. दिवाकरच्या आईने दिलेली लाडवांची पुडी तिने माझ्या बॅगेत कोंबली. कार्बनचं प्रकरण तिने सकाळीच काढून टाकलं होतं, एका बैठकीत. दात काढल्यासारखं वाटलं, म्हणाली.

मग रुळांकडे बघत तिने विचारलं, "सर, पाण्याचं लिहिलं तर दोन महिन्यांत होईल. पण ते सरळ तुमच्या मॉडेलच्या विरोधात जाईल. आणि त्याच्यावर सही तुमचीच लागेल. लिहू?"

मला नाही म्हणायचं होतं. हे मी लपवत नाही. नाही म्हणायला कारणंही हाताशी होती. एकच मनोरा, तीनच वर्षं, साग बाजूला ठेवता येत नाही, आणखी काही. त्यातलं एकेक मी दुसऱ्यांच्या प्रबंधांवर वापरलेलं आहे. ती उत्तराची वाट बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. मी नाही म्हटलं असतं तर तिने ते ऐकलं असतं आणि तिचं शिक्षण तिथेच संपलं असतं.

"लिही," मी म्हटलं. "पण शीर्षकात माझं मॉडेल नको."

शीर्षकात ते नव्हतं. परवा मसुदा आला. मॉडेल पहिल्या पानावर, तिसऱ्या ओळीत आहे. *एप्रिलमध्ये या जंगलाला पानं असतात, हे प्रचलित मॉडेलला माहीत नाही.* मी त्या वाक्यावर बराच वेळ बसलो. 'मॉडेलला' काढून 'काही मॉडेलांना' करून पाहिलं. 'माहीत नाही'च्या आधी 'कदाचित' घालून पाहिलं. मग दोन्ही खोडलं, प्रचलित हा शब्दही खोडला, कारण ते मॉडेल आमच्याशिवाय कोणी वापरत नाही, आणि त्या जागी माझं नाव लिहून खाली सही केली.